‘ढ’ म्हणजे काय, असं लेक विचारते तेव्हा

पत्र:

“ताई, माझी मुलगी चौथीत आहे, मराठी शाळेत. गोष्टी ऐकायला तिला फार आवडतं, ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते. पण वाचायला बसली की जोडाक्षर आलं की थांबते. पंचवीस लिही म्हटलं तर कधी कधी ५२ लिहिते. मागच्या आठवड्यात शिकवणीच्या सरांनी सगळ्या मुलांसमोर तिला ‘ढ’ म्हटलं. शाळेत वर्गाच्या भिंतीवर यादी लावली आहे, त्यात तिचं नाव ‘अप्रगत’ मुलांमध्ये आहे. सासूबाई म्हणतात, पोरगी जरा मंद आहे, मान्य करा. नणंद म्हणते, मागे पडलीय. हे म्हणतात, आम्हाला तर रोज ढ म्हणायचे, आमचं काय बिघडलं? काल रात्री झोपताना तिने मला विचारलं, ‘आई, ढ म्हणजे काय गं?’ मी ‘काही नाही, झोप’ म्हटलं. आता मला कळत नाही, या शब्दांवरून भांडत बसू की गुपचूप तिचा अभ्यास घेऊ? शाळेत तक्रार करू का? आणि तिला काय सांगू?”
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर:

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात चार ठिकाणांहून तुमच्या मुलीला चार शब्द मिळालेत. सरांकडून ‘ढ’, शाळेकडून ‘अप्रगत’, सासूबाईंकडून ‘मंद’ आणि नणंदेकडून ‘मागे पडलेली’. तिचं नेमकं कुठे अडतं, हे यातल्या एकाही शब्दातून कळत नाही. ते तुम्ही लिहिलंत. जोडाक्षरापाशी थांबते, पंचवीसचे बावन्न करते आणि ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगते. तिच्या पुढच्या शिक्षणाला उपयोगी पडेल अशी माहिती आहे ती एवढीच. म्हणून शब्दांवरून बोलावं की अभ्यास घ्यावा, असे दोन रस्ते मी तुमच्यापुढे ठेवणार नाही. मुलीबद्दल घरात आणि शाळेत काय बोललं जातं, त्यावरच तिचा अभ्यास कोण, कसा आणि किती मनापासून घेणार हे ठरत असतं.

आधी तिचा प्रश्न. तिला उत्तर मिळालंच पाहिजे, आणि ते आज मिळालं तर उत्तम. ‘काही नाही’ म्हणून आपण विषय टाळला की मुलाला एवढंच कळतं की हा शब्द आईलाही उच्चारवत नाही, म्हणजे नक्कीच काहीतरी भयंकर असणार. चौथीतली मुलगी हे बरोबर ओळखते.

‘ढ’ या शब्दामागची जी गोष्ट आपल्याकडे सांगितली जाते ती तुम्ही ऐकली असेल. सम्राट अशोकाच्या काळात, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, ब्राह्मी लिपीत शिलालेख कोरले गेले. आपली देवनागरी त्याच ब्राह्मीतून हळूहळू बदलत आली. या बदलात अक्षरांची रूपं पार पालटली. तेव्हाचा ‘क’ म्हणजे नुसतं अधिकचं चिन्ह होतं. आज तो ‘क’ कोणाला दाखवला तर ओळखू येणार नाही. ‘ढ’ मात्र तेव्हा जसा वळणदार होता जवळजवळ तसाच आजही आहे, वर फक्त शिरोरेषा आली. तेव्हापासून ज्याच्यात सुधारणा झाली नाही तो ‘ढ’, म्हणून न सुधारणाऱ्या मुलालाही ‘ढ’, असा हा खुलासा. मराठी शिकवणारे शिक्षक तो वर्गात रंगवून सांगतात आणि मुलं हसतात.

अक्षराबद्दलची माहिती खरी आहे, आणि मुलीला ब्राह्मीतली अक्षरं दाखवली तर तिला मजाही वाटेल. पण त्या खुलाशात दडलेला अर्थ पाहा. ‘ढ’ म्हणजे नुसता मागे असलेला नव्हे, तर कधीच पुढे न जाणारा. आज मागे आहे, एवढंच सांगून हा शब्द थांबत नाही, उद्याचाही निकाल आजच लावून टाकतो. नऊ वर्षांच्या मुलीबद्दल असा निकाल द्यायचा अधिकार कोणालाही नाही, शिकवणीच्या सरांना तर नाहीच नाही. ते शिकवण्याचे पैसे घेतात, आणि शिकवणं म्हणजे मूल बदलू शकतं यावर विश्वास ठेवणं.

मोठी माणसं हा शब्द स्वतःबद्दल सहज वापरतात, तेव्हा काय करतात तेही लक्षात घ्या. “मी गणितात अगदी ढ होतो,” असं एखादे बँकेतले साहेबसुद्धा हसत सांगतात. त्यात ‘गणितात’ आहे, म्हणजे शब्दाला कुंपण आहे. ‘होतो’ आहे, म्हणजे गोष्ट जुनी झाली. आणि बोलणारा स्वतःबद्दल बोलतोय. तुमच्या मुलीला सर म्हणाले तेव्हा यातलं काहीच नव्हतं. “तू ढ आहेस.” कशात, ते नाही. कधीपर्यंत, ते नाही. आणि बोलणारा दुसरा, तोही मोठा, तोही सगळ्यांसमोर. शब्द तोच, पण तो लागतो वेगळा.

म्हणून तिला सांगताना मी असं काहीसं सांगेन: “एखाद्याला अभ्यास पटकन जमला नाही की त्याला चिडवायला लोक ढ म्हणतात. सरांनी तसं म्हणायला नको होतं, ते चुकले. तुला वाचता येतं. जोडाक्षरं अजून कच्ची आहेत. ती आपण दोघी मिळून पक्की करू.” एवढं पुरे. “तू ढ नाहीस, तू तर किती हुशार आहेस” असं उलटं टोक गाठू नका. तिला स्वतःला माहीत आहे की वाचताना ती अडते. तिला दिसणारी गोष्ट आईने नाकारली तर ती आईच्या कौतुकावरही विश्वास ठेवायचं सोडून देते.

‘कच्चं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या भाषेतला हा फार चांगला शब्द आहे आणि तो घरात पुन्हा वापरात आणावा असं मला मनापासून वाटतं. जुन्या पिढीतल्या गुरुजींच्या तोंडी तो सारखा असे. “याचा भागाकार कच्चा आहे.” “हिचं शुद्धलेखन कच्चं आहे.” कच्चा असतो तो भागाकार, पोरगा नव्हे. आणि जे कच्चं आहे ते पक्कं होतं, हे त्या शब्दातच गृहीत आहे. आपण पोरांच्या खेळातही हाच शब्द वापरतो, ‘कच्चा लिंबू’. लहान भावंडाला खेळायचं असतं, धावायला जमत नाही, मग त्याला कच्चा लिंबू करून खेळात घेतात. तो आउट झाला तरी राज्य त्याच्यावर येत नाही, पण तो सगळ्यांबरोबर मैदानात असतो, पळतो, शिकतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात पक्का भिडू होतो. मागे असलेल्याला खेळाबाहेर न काढता खेळात ठेवण्याची ही रीत आपल्या पोरांनी कुठल्याही शिक्षणतज्ज्ञाला न विचारता शोधून काढली आहे. एवढंच सांभाळा, की मोठ्या मुलीला चारचौघांत ‘कच्चा लिंबू’ म्हणणं तिला आवडणार नाही. खेळातली पद्धत घ्या, नाव राहू द्या.

सासूबाईंच्या ‘मंद’बद्दल थोडं. मंद म्हणजे सावकाश, हळू. मंद वारा, समईचा मंद उजेड, मंद आच, या सगळ्यात काहीच वाईट नाही. माणसाच्या बुद्धीला लावून ‘मतिमंद’ झालं आणि मग शाळेच्या मैदानात “मंद आहेस का?” ही शिवी झाली. आता कायद्यात आणि सरकारी कामकाजात ‘बौद्धिक अक्षमता’ म्हणतात, कारण जुन्या शब्दाने त्या मुलांचा आणि त्यांच्या आईबापांचा फार अपमान केला. तुमच्या पत्रावरून तुमच्या मुलीच्या बुद्धीबद्दल शंका घ्यावी असं मला काहीही दिसत नाही. ऐकलेली गोष्ट क्रमाने, तपशिलासह सांगणारी मुलगी आहे ती. सासूबाईंना हेच दाखवा. त्यांच्याशी वाद घालू नका, संध्याकाळी मुलीला त्यांच्यापुढे बसवा आणि म्हणा, “आजीने सांगितलेली गोष्ट परत आजीला सांग.” आजीचं मत बदलायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

नणंदेचा शब्द वरवर सगळ्यात सौम्य आहे. ‘मागे पडलीय.’ पण मला त्याच क्रियापदावर जरा थांबावंसं वाटतं. ‘पडणे’ हे आपोआप होतं. झाडावरून पान पडतं, पाऊस पडतो. मूल मागे ‘पडलं’ म्हटलं की करणारा कोणी उरत नाही. आता तेच वाक्य फिरवून पाहा: तिला कोणी मागे ठेवलं? दुसरीत जोडाक्षरं शिकवली तेव्हा ती आजारी होती का? तिसरीत शिक्षक बदलले का, वर्ग एकत्र बसवले का? वर्षाच्या शेवटी तिला वाचता येतं की नाही हे कोणी बघितलं का, की नुसतं वरच्या वर्गात ढकललं? आपल्याकडे यासाठी ‘ढकलपास’ असा शब्दच आहे. तो मुलांना हिणवायला वापरतात, पण त्यातला ढकलणारा कोण, हे कोणी विचारत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्यात आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही असं होतं, पण त्याबरोबर वर्षभर मूल्यमापन करून अडलेल्या मुलाला मदत करायची, हेही होतं. पहिला अर्धा भाग सगळीकडे पाळला गेला. दुसरा फार थोड्या ठिकाणी. मग २०१९ ला कायदा बदलून पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यायची मुभा राज्यांना दिली, आणि आपल्याकडेही ती परीक्षा आली. नापास झालेल्या मुलाला पुन्हा शिकवून फेरपरीक्षेची संधी द्यायची आहे. तुमची मुलगी पुढच्या वर्षी पाचवीत जाईल. म्हणून घाबरू नका, पण हे वर्ष वायाही घालवू नका.

आता शाळेची यादी. ‘प्रगत’ आणि ‘अप्रगत’ हे शब्द शाळांत कुठून आले ते सांगते, म्हणजे तुम्हाला बोलताना सोपं जाईल. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक मुलाला वाचन, लेखन आणि साधी गणिती क्रिया आलीच पाहिजे, आणि ती येते की नाही हे चाचणी घेऊन तपासायचं, हा त्यामागचा विचार. विचार चांगला आहे. ज्या मुलांना अजून येत नाही त्यांच्याकडे शिक्षकाने जास्त लक्ष द्यावं म्हणून त्यांची वेगळी नोंद हवी. ती नोंद शिक्षकाच्या वहीत हवी. भिंतीवर लावून कोणाला काय कळणार आहे? शिक्षकाला यादी माहीतच आहे. भिंतीवरची यादी वाचणार ती मुलं, आणि ती मधल्या सुट्टीत मोठ्याने वाचणार.

मागे असलेल्यांना नाव देणं मुळातच वाईट, असं मी म्हणत नाही. आपल्या कोल्हापूरचंच उदाहरण घ्या. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढला, आणि संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. मागासलेले म्हणजे कोण, हे त्यात स्पष्ट केलं होतं: ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि अशाच पुढारलेल्या जाती सोडून बाकी सगळे. ‘मागासलेले’ हा शब्द तिथे हिणवायला आलेला नाही. त्या शब्दाबरोबर पन्नास टक्के जागा आल्या. पुढे आपल्या राज्यघटनेतही सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागासलेल्या वर्गांचा उल्लेख आहे, तोही त्यांच्यासाठी विशेष तरतूद करता यावी म्हणून. त्याच शब्दातला ‘मागास’ उचलून कोणी गावाला, भाषेला किंवा माणसाला तुच्छतेने लावला की तो वेगळाच शब्द होतो. तुमच्या शाळेतल्या यादीलाही हीच कसोटी लावा. यादीत नाव आल्यामुळे तुमच्या मुलीला काय मिळालं? रोज अर्धा तास जास्तीचं वाचन मिळत असेल, वेगळा गट करून शिकवत असतील, तर त्या नोंदीला अर्थ आहे. काहीच मिळत नसेल, तर तिला मिळालं ते फक्त नाव.

पातळी सांगायचे याहून चांगले शब्द आपल्याकडे तयार आहेत. ‘प्रथम’ ही संस्था मुंबईत १९९५ च्या सुमारास सुरू झाली, आणि तिच्या ‘असर’ या पाहणीत २००५ पासून देशभर गावोगावच्या घरी जाऊन मुलांचं वाचन तपासलं जातं. एका कागदावर अक्षरं, सोपे शब्द, एक छोटा परिच्छेद आणि एक लहान गोष्ट असते. मूल कुठपर्यंत सहज वाचतं ते बघून म्हणतात, हे ‘अक्षर’ पातळीवर आहे, हे ‘शब्द’ पातळीवर, हे ‘परिच्छेद’ वाचतं, हे ‘गोष्ट’ वाचतं. मग ‘प्रथम’च्या शिकवण्याच्या कामात मुलांना इयत्तेप्रमाणे न बसवता पातळीप्रमाणे गटात बसवून शिकवतात. या शब्दांत मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की आज काय येतं तेही कळतं आणि उद्या काय घ्यायचं तेही. ‘परिच्छेद वाचते’ म्हटलं की पुढची पायरी ‘गोष्ट’. ‘अप्रगत’ म्हटलं की पुढे काय करायचं? तुम्ही स्वतः घरी हे करून पाहू शकता. दुसरीच्या बालभारतीतला एक धडा तिच्यापुढे ठेवा आणि ती कशी वाचते ते न टोकता ऐका. मग तिसरीचा. जिथे ती ओळीत तीन-चारदा अडेल तिथून सुरुवात करा, चौथीच्या पुस्तकापासून नव्हे.

पंचवीस आणि बावन्नबद्दल तर मला जरा जोरातच बोलायचं आहे, कारण यात मुलीची चूक कमी आणि आपल्या संख्यानामांची गुंतागुंत जास्त आहे. ‘पंचवीस’ म्हणताना आधी ‘पंच’ येतं, मग ‘वीस’. लिहिताना मात्र आधी दोन, मग पाच. म्हणजे कान सांगतो एक क्रम आणि हाताने लिहायचा दुसरा. जी मुलगी ऐकलेलं जसंच्या तसं धरून ठेवते ती पाच आधी लिहिणार यात नवल काय? त्यात एकोणसत्तर, त्र्याण्णव, सत्त्याण्णव ही जोडाक्षरांची रांग. २०१९ मध्ये दुसरीच्या बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचायची पद्धत दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतं का? भाषा बुडाली इथपर्यंत लोक बोलले. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की लहान मुलांना संख्या समजायला ही पद्धत सोपी जाते, आणि दक्षिणेकडच्या भाषांत असंच म्हणतात. मला त्यांचं म्हणणं तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं. तुम्ही घरी बिनधास्त करा: “पंचवीस, म्हणजे वीस आणि पाच. आधी विसाचे दोन, मग पाच.” दहा-दहाच्या काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या समोर ठेवून रोज थोडा वेळ. महिनाभरात फरक दिसेल असं मला वाटतं.

जोडाक्षरांचं पण तसंच. ‘प्र’ आणि ‘र्प’, ‘ऱ्या’ आणि ‘र्या’ यांत मोठी माणसंही चुकतात. एका र चे किती अवतार! रफार डोक्यावर, कधी पायात तिरकी रेघ, कधी ट्र-ड्र मधला खालचा कोन. सगळे एकदम शिकवले तर कुठल्याही मुलाचा गोंधळ होतो. एका आठवड्यात एकच प्रकार घ्या. पहिला आठवडा फक्त दोन तेच अक्षर जोडलेले शब्द, म्हणजे पक्का, कच्चा, गप्पा, सत्तर, मुद्दा. ऐकू येतं तसं लिहिलं जातं, म्हणून ते सगळ्यात सोपे. रफार सगळ्यात शेवटी.

मुलीच्या बाबांचं म्हणणं, “आम्हाला तर रोज ढ म्हणायचे, काय बिघडलं?” याला उत्तर द्यायला हवं, कारण घरोघरी बाप असंच म्हणतात आणि त्यांच्या म्हणण्यात प्रामाणिकपणा असतो. त्यांचं काही बिघडलं नसेल, मी मान्य करते. पण त्यांच्या वर्गातली जी मुलं ‘ढ’ हे खरं मानून पाचवी-सहावीत शाळा सोडून गेली, ती हे सांगायला आज आपल्या घरात बसलेली नाहीत. यांना एकदा त्यांच्या चौथीतल्या वर्गमित्रांची नावं आठवायला सांगा, आणि त्यातले दहावीपर्यंत कोण पोचले ते मोजायला. भांडण म्हणून नको, जेवताना सहज. आणि यांच्याकडून एक मदत मागा: रोज दहा मिनिटं मुलीने मोठ्याने वाचायचं आणि बाबांनी ऐकायचं. चूक झाली तर लगेच टोकायचं नाही, वाक्य पूर्ण होऊ द्यायचं. ज्याने स्वतः ते शब्द ऐकले आहेत तो बाप या कामाला सगळ्यात योग्य.

वाचनात अडचण असली की डोळे आणि कान आधी तपासून घ्यावेत. फळ्यावरचं नीट दिसत नाही आणि कोणाच्या लक्षातच येत नाही, अशा मुलांना वर्षानुवर्षं बोलणी खावी लागतात. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. पथक कधी येणार ते मुख्याध्यापकांना विचारा, किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

डोळे-कान ठीक असतील, नीट शिकवूनही पाच-सहा महिन्यांत वाचन सरकत नसेल, अक्षरं उलटसुलट होतच असतील, तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन शिकायला अडचण येते का याची, चाचणी करून घ्या. साधारण आठ वर्षांच्या पुढे ती नीट करता येते, म्हणजे तुमच्या मुलीचं वय त्यासाठी योग्य आहे. चाचणी मराठीतून करणारे तज्ज्ञ शोधा, कारण मराठीत शिकणाऱ्या मुलीचं वाचन इंग्रजीच्या कागदावर तपासून काही कळत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यात ही अक्षमता आहे, आणि सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. तुमच्या मुलीला ही अडचण आहे असं मी म्हणत नाही. पत्रावरून ते कोणीच सांगू शकत नाही. पण ती असलीच तर त्या नावाबरोबर मदतही येते, म्हणून त्या नावाला घाबरू नका.

शिकवणीच्या सरांकडे तुम्ही आणि मुलीचे बाबा दोघं मिळून जा. मुलीला बरोबर नेऊ नका. “सर, तिला सगळ्यांसमोर ढ म्हटलंत ते आम्हाला आवडलं नाही. तिचं कुठे अडतं आणि पुढच्या महिन्यात तुम्ही काय घेणार, ते सांगा.” दोन वाक्यं, आवाज न चढवता. सरांनी नीट उत्तर दिलं तर एक महिना वाट पाहा. त्यांनी पुन्हा तो शब्द वापरला तर शिकवणी त्याच दिवशी बंद करा. वर्षाची फी भरली असली तरी.

शाळेत लेखी तक्रारीने सुरुवात करू नका. वर्गशिक्षिकेला वेळ मागून भेटा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलाला शारीरिक शिक्षा तर नाहीच, मानसिक त्रासही देता येत नाही. हे तुम्हाला माहीत असू द्या, पण पहिल्या भेटीत ते बाहेर काढायची गरज नाही. बहुतेक शिक्षिकांना यादी भिंतीवर लावण्यात काही वाईट आहे असं वाटलेलंच नसतं. वरून तपासणीला येणाऱ्यांना दिसावी म्हणूनही लावलेली असते. त्यांना विचारा, की मुलगी कुठल्या पातळीवर वाचते, जास्तीचा वेळ कधी देता येईल, आणि घरी आम्ही काय करू. घरी रोज काय वाचलं याची वही ठेवली असेल तर तीही दाखवा. मग यादीचं काढा. आणि ते काढताना फक्त आपल्या मुलीचं नाव वगळा असं म्हणू नका. तसं झालं तर उरलेल्या मुलांची यादी तशीच राहील, आणि तुमची मुलगी त्याच मुलांबरोबर मधल्या सुट्टीत खेळते. यादीच भिंतीवरून काढून वहीत ठेवा, असं सांगा. त्या यादीतल्या आणखी दोन-तीन मुलांच्या आयांशी आधी बोलून घेतलंत आणि सगळ्या मिळून गेलात तर शाळा लवकर ऐकेल. मुख्याध्यापकांपर्यंत जायची वेळ आलीच तर अर्जावर सगळ्यांच्या सह्या घ्या आणि पोच घेऊन अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवा.